माउंट होलीचा देवभीरू शिंपी : जॉन वुलमन

पौल तंबू शिवत असे, लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करीत असे आणि मत्तय जकातीच्या नाक्यावर बसत असे, हे आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत. आपला धंदा आणि आपला विश्वास एकाच प्रभूच्या सत्तेखाली आहेत, हे उपासनामंदिरात बसून मान्य करणे सोपे असते. सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर, समोर गिऱ्हाईक उभे असताना आणि मालकाची नजर आपल्यावर असताना, त्या विश्वासाचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र कठीण आहे. गप्प राहावे तर साक्ष बुडते. बोलावे तर गिऱ्हाईक दुखावते, आणि प्रसंगी भाकरीही जाते. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेतील एका लहानशा गावी एका दुकानातील नोकरापुढे हा प्रश्न अचानक येऊन उभा राहिला. त्याचे उत्तर देण्यात त्यांचे पुढील सारे आयुष्य गेले. त्यांचे नाव जॉन वुलमन.

बालपण आणि संस्कार

वुलमन यांचा जन्म १७२० च्या ऑक्टोबर महिन्यात न्यू जर्सी प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात झाला. हा प्रांत तेव्हा इंग्रजांची वसाहत होता. त्यांचे आईवडील क्वेकर पंथाचे होते. या पंथाचे लोक स्वतःला मित्रसमाज म्हणवितात. त्यांच्या उपासनेत त्या काळी दीक्षित पाळक नसे. सर्वजण शांत बसून परमेश्वराची वाट पाहत आणि ज्याला पवित्र आत्म्याची प्रेरणा होई, तो उभा राहून बोले. साधा पोशाख, सरळ बोलणे आणि कोणावरही शस्त्र न उचलणे, ही त्यांची ओळख होती. वुलमन यांच्या घरी रविवारच्या उपासनेनंतर मुलांना पवित्र शास्त्र वाचावयास बसविण्याचा रिवाज होता.

एकदा खेळता खेळता लहानग्या जॉनने दगड मारून एका पक्षिणीला ठार केले. मग त्याच्या ध्यानात आले, की घरट्यातील तिची पिल्ले आता उपाशी तडफडत मरणार. म्हणून झाडावर चढून त्याने त्यांचाही शेवट केला. पुढे कित्येक तास त्या मुलाला दुसरे काही सुचेना. प्रत्येक जिवाविषयी कनवाळू असावे, असे सांगणारे काहीतरी परमेश्वराने माणसाच्या अंतःकरणात ठेवलेले आहे, हा धडा त्या दिवशी त्याच्या मनावर कायमचा कोरला गेला.

वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी वडिलांचे शेत सोडले. सुमारे पाच मैलांवरील माउंट होली या गावी एका दुकानदाराकडे ते नोकरीस राहिले. माल विकणे आणि हिशेबाच्या वह्या लिहिणे हे त्यांचे काम होते. अक्षर चांगले आणि स्वभाव विश्वासू असल्यामुळे गावातील लोक दस्तऐवज लिहून घेण्यासाठीही त्यांच्याकडे येऊ लागले.

एक खरेदीखत

१७४२ च्या सुमाराची गोष्ट. मालकाच्या घरी एक कृष्णवर्णीय स्त्री गुलाम होती. मालकाने तिला विकले आणि तिचे खरेदीखत लिहून देण्याची आज्ञा वुलमन यांना केली. विकत घेणारा गृहस्थ तेथेच खोळंबून उभा होता. तो वयोवृद्ध होता आणि वुलमन यांच्याच मंडळीचा सभासद होता.

आपल्यासारख्याच एका मनुष्यप्राण्याला मालमत्ता ठरविणारा कागद आपल्या हातून लिहिला जाणार, या विचाराने वुलमन यांचे मन अस्वस्थ झाले. पण सारे अचानक घडत होते. आपण वर्षाच्या कराराने बांधलेले नोकर आहोत, आज्ञा मालकाची आहे आणि घेणारा तर मंडळीतील वडीलधारा आहे, अशी मनाची समजूत घालून त्यांनी तो कागद लिहिला. मात्र तो पुरा करतेवेळी मालक आणि गिऱ्हाईक या दोघांच्या समोर त्यांनी सांगितले, की गुलाम बाळगणे हे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असा आपला विश्वास आहे.

एका तरुण नोकराने आपल्या धन्यासमोर एवढे बोलणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुष्कळांना वाटले असते, की आपले कर्तव्य झाले. वुलमन यांना तसे वाटले नाही. बोलल्यामुळे मनाचा भार थोडा हलका झाला खरा. परंतु त्या प्रसंगाचा विचार येई तेव्हा तेव्हा त्यांना जाणवे, की आपण लेखणीच खाली ठेवावयास हवी होती. कागद लिहून झाल्यावर उच्चारलेल्या साक्षीने ती स्त्री मुक्त झाली नव्हती. ती विकली गेली होती, आणि अक्षर वुलमन यांचे होते.

काही काळाने त्यांच्याच मंडळीतील एक तरुण एका गुलामाचे हस्तांतरपत्र लिहून घेण्यासाठी आला. या वेळी वुलमन यांनी नकार दिला. आपल्या मंडळीत अनेकजण गुलाम बाळगतात हे ठाऊक असूनही आपल्याला ती प्रथा योग्य वाटत नाही, तरी या लेखनातून मला मोकळे करावे, असे त्यांनी सद्भावनेने सांगितले. तेव्हा त्या तरुणानेही कबूल केले, की गुलाम ठेवणे त्याच्याही मनाला पूर्णपणे पटत नव्हते. ती गुलाम स्त्री पत्नीला भेट म्हणून मिळाल्यामुळे त्याने तिला ठेवून घेतले होते. गिऱ्हाइकाच्या मनात जे आधीपासून खुपत होते, त्याला त्या नम्र नकाराने वाचा फोडली.

मृत्युपत्रे लिहिणारा लेखक

१७४६ मध्ये वुलमन एका सोबत्याबरोबर घोड्यावरून मेरीलँड, व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायना या दक्षिणेकडील प्रांतांत मंडळ्यांच्या भेटीसाठी गेले. सुमारे तीन महिने चाललेल्या या प्रवासात त्यांनी गुलामगिरीचे उग्र रूप जवळून पाहिले. परत आल्यावर त्यांनी त्याविषयी एक निबंध लिहिला. १७५० मध्ये मृत्युशय्येवर असलेल्या वडिलांनी तो छापण्याचा आग्रह धरला आणि १७५४ मध्ये तो फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाला. तथापि त्यांच्या विश्वासाची खरी कसोटी लागत होती ती माउंट होली येथे, त्यांच्या स्वतःच्या लेखणीपाशी.

१७५३ च्या सुमारास दूरच्या एका आजारी गृहस्थाचा भाऊ मृत्युपत्र लिहिण्यासाठी त्यांना बोलवावयास आला. रोग्याजवळ गुलाम आहेत आणि ते तो मुलांच्या नावे करणार आहे, असे चौकशीअंती कळले. लेखनाच्या कामात चांगली मिळकत होती आणि प्रतिष्ठित माणसांना नाराज करणे वुलमन यांनाही अप्रिय होते. तरी त्यांनी आपली अडचण स्पष्ट सांगून नकार दिला. तो मनुष्य एक शब्दही न बोलता निघून गेला. साक्ष दिली म्हणजे समोरचा लगेच विरघळतो असे नाही. पुष्कळदा तो फक्त पाठ फिरवितो, आणि पुढे काय झाले हे आपल्याला कळतही नाही.

दुसऱ्या एका प्रसंगी शेजारच्या एका गृहस्थाला जबर मुका मार लागला. त्या काळच्या उपचारपद्धतीप्रमाणे रक्त काढण्यासाठी वुलमन यांना बोलावणे आले. ते काम झाल्यावर त्या गृहस्थाने आपले मृत्युपत्रही लिहावयास सांगितले. वुलमन यांनी टिपणे घेतली. त्यांत एका तरुण गुलाम मुलीला कोणाकडे द्यावयाचे, हेही होते. मनुष्य वेदनेत होता आणि त्यातून उठेल की नाही हे सांगता येत नव्हते. वुलमन यांनी तो मजकूर सोडून बाकीचे मृत्युपत्र लिहिले, ते त्याच्या बिछान्याशी नेले आणि मित्रत्वाने सांगितले, की ज्यामुळे एखादा मनुष्य गुलाम होतो असा लेख लिहिल्यास आपल्या मनाची शांती नाहीशी होईल. केलेल्या लेखनाचे काहीही पैसे नकोत आणि उरलेला भाग दुसऱ्याकडून लिहून घ्यावा, असेही त्यांनी सुचविले. त्यावर दोघांत गंभीर बोलणे झाले. शेवटी त्या गृहस्थाने मुलीला मुक्त करण्याचे ठरविले आणि वुलमन यांनी मृत्युपत्र पुरे केले.

तिसरी हकिगत एका वयोवृद्ध, मानमान्यता असलेल्या शेजाऱ्याची आहे. तो मृत्युपत्रासाठी आला तेव्हा वुलमन यांनी त्याला बाजूला घेऊन खाजगीत विचारले, की घरच्या गुलाम मुलांचे काय करावयाचे ठरविले आहे. उत्तर ऐकल्यावर त्यांनी आदराने आपली असमर्थता सांगितली. म्हाताऱ्याने दुसऱ्याकडून मृत्युपत्र लिहून घेतले. काही वर्षे लोटली. घरच्या परिस्थितीत पुष्कळ पालट झाला, तेव्हा तो पुन्हा वुलमन यांच्याकडेच आला. ज्या मुलाला गुलाम द्यावयाचे होते, तो पूर्वी उनाड होता, आता सुधारला होता. तेव्हा आता वुलमन यांची हरकत नसावी, असे त्याला वाटले. दोघे स्नेहाने बराच वेळ बोलले आणि काम तसेच राहिले. थोड्याच दिवसांनी तो म्हातारा स्वतः होऊन आला आणि गुलामांना मुक्त करण्याचे कलम घालावयास त्याने सांगितले. मग वुलमन यांनी त्याचे मृत्युपत्र लिहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिल्या नकारानंतर तो गृहस्थ दुखावून कायमचा दुरावला असता, तर ही दुसरी भेट झालीच नसती. वुलमन यांनी त्याला चारचौघांत लाजविले नाही, आणि त्याच्याशी असलेला शेजारधर्मही सोडला नाही. दार त्यांनी मोकळे ठेवले होते, म्हणूनच काही वर्षांनी त्या दारातून तो आत आला.

वाढता धंदा आणि हलका गल्ला

नोकरीत असतानाच वुलमन यांनी शिंपीकाम शिकून घेतले होते. पुढे त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. १७४९ मध्ये सारा एलिस हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि मेरी नावाची कन्या झाली. प्रथम ते कपड्यांना लागणारे किरकोळ सामान विकीत, मग कापडही विकू लागले. गिऱ्हाइकांचा विश्वास असल्यामुळे व्यापार दरवर्षी वाढत गेला. संसारी माणसाला आणखी काय पाहिजे?

पण दुकानात बसून त्यांना आणखी एक चित्र दिसत होते. तेथे बहुतेक विक्री उधारीवर होई. गरीब माणसे हौसेने महाग वस्तू नेत, देणे थकत जाई आणि शेवटी सावकार व दुकानदार त्यांना कोर्टात खेचीत. तेव्हा वुलमन आपल्याच दुकानात उभे राहून गरीब गिऱ्हाइकांना सल्ला देऊ लागले, की उपयोगाची वस्तू घ्या, महागडी घेऊ नका. दुकानदाराने गिऱ्हाइकाला कमी खरेदी करावयास सांगावे, हे व्यापाराच्या कोणत्याही नियमात बसत नाही. गिऱ्हाइकाचे हित स्वतःच्या नफ्याहून मोठे मानणाऱ्यालाच ते जमते, आणि हेही विश्वासाचे प्रकटीकरणच होते.

वाढत्या व्यापाराने मनही गुंतत चालले होते. प्रार्थनापूर्वक विचार करून १७५६ मध्ये त्यांनी मालाचा व्यापार सोडण्याचे ठरविले. गिऱ्हाइकांची गैरसोय होऊ नये आणि त्यांना दुसरे दुकान पाहता यावे, म्हणून त्यांनी आपला बेत त्यांना आधीच कळविला. त्यानंतर हाताखाली शिकाऊ उमेदवारही न ठेवता ते एकटेच शिंपीकाम करीत राहिले. जोडीला सफरचंदाच्या झाडांची रोपवाटिका होती. तिच्यात खुरपणी करणे, कलमे बांधणे आणि डोळे भरणे यात त्यांचा उरलेला वेळ जाई. आपल्या दुकानातून आपण पूर्वी रम, साखर आणि काकवी विकली, आणि हा माल वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांच्या श्रमाचे फळ होता, ही टोचणीही त्यांना पुढे लागून राहिली. दुसऱ्यांना लावलेला माप त्यांनी स्वतःच्या वहीलाही लावला.

दुकानातून मंडळीपर्यंत

१७५७ मध्ये ते पुन्हा दक्षिणेत गेले. ज्या घरी गुलाम राबत, तेथील फुकटचा पाहुणचार घेणे म्हणजे त्या गुलामांचे श्रम फुकट घेणे होय, असे त्यांना वाटे. म्हणून निघण्यापूर्वी त्यांनी चांदीची लहान नाणी गोळा करून बरोबर घेतली. मुक्काम सोडताना ते यजमानाला एकांतात गाठून गुलामांसाठी पैसे देत, किंवा गुलामांच्या हातीच देत. यजमानाशी असे बोलणे त्यांना फार जड जाई. तरी ते त्यांनी चुकविले नाही.

१७५८ मध्ये फिलाडेल्फिया येथील वार्षिक सभेत गुलामगिरीचा प्रश्न निघाला. निर्णय लांबणीवर टाकण्याकडे अनेकांचा कल होता. वुलमन यांनी उठून कळकळीने विनंती केली, की पीडितांचा आक्रोश परमेश्वरापर्यंत पोहोचला असताना काहींच्या स्वार्थाकडे पाहून आपण कर्तव्यात ढिलाई करू नये. सभेने गुलामांच्या मालकांना घरोघर जाऊन भेटण्यासाठी काहीजणांची नेमणूक केली आणि त्यांत वुलमनही होते. बिछान्याशी आणि दुकानात जे ते एकेकाशी बोलत आले होते, तेच आता मंडळीच्या वतीने घरोघरी बोलू लागले.

पुढे पुढे त्यांचे जीवन अधिकच साधे होत गेले. त्यांनी रंगविलेले कपडे वापरणे सोडले. बिनरंगाच्या पोशाखातील हा शिंपी पाहून काही स्नेही अवघडत. १७६३ मध्ये युद्धाची भीती असतानाही ते अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना भेटण्यासाठी रानावनातून वायलूसिंग या त्यांच्या वस्तीपर्यंत गेले. १७७२ मध्ये ते इंग्लंडला निघाले. जहाजातील नक्षीदार, महागड्या खोलीत राहणे त्यांना पटेना. म्हणून ते खाली खलाश्यांच्या भागात राहिले आणि त्या गरीब पोरांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले. इंग्लंडमध्ये घोड्यांना व पोऱ्यांना राबवून भरधाव धावणाऱ्या डाकगाड्यांत न बसता ते पायी चालत उत्तरेकडे गेले. यॉर्क शहरी त्यांना देवीचा रोग झाला आणि ७ ऑक्टोबर १७७२ रोजी वयाच्या बावन्नाव्या वर्षात ते प्रभूच्या सन्निध गेले. आपले दफन अगदी साधेपणाने व्हावे आणि त्याचा खर्च आपले कपडे देऊन भागवावा, अशी त्यांची अखेरची इच्छा होती. उधारीचा जाच पाहिलेल्या या दुकानदाराने मरतानाही आपल्या मागे देणे राहू दिले नाही.

त्यांचे आत्मवृत्त १७७४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही जगभर वाचले जाते. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने असा निर्णय घेतला, की जे सभासद गुलामांना मुक्त करणार नाहीत, त्यांना मंडळीतून कमी करण्यात यावे. अमेरिकेच्या राज्यघटनेने गुलामगिरी बंद केली ती १८६५ मध्ये, म्हणजे क्वेकर मंडळीच्या या निर्णयानंतर ८९ वर्षांनी.

आपल्यासाठी बोध

आपल्या देशात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीचा कायदेशीर आधार काढून घेतला आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद केली. कायदे झाले, पण कागद अजूनही लिहिले जातात. अडाण्याचा अंगठा ज्यावर घेतला जातो तो कर्जाचा कागद, विधवेची जमीन जिच्यामुळे दिराच्या नावे होते ती नोंद, रोग्याला न लागणाऱ्या तपासण्यांची यादी, हे कोणीतरी पगारी माणूस लिहीत असतो. अन्यायाला नेहमी एक कारकून लागतो. त्या खुर्चीवर कधी कधी ख्रिस्ती माणूस बसलेला असतो, आणि वुलमन यांचे चरित्र त्याच्याशी बोलते.

आपल्यापैकी पुष्कळजण बँकेत, दवाखान्यात, शाळेत, दुकानात किंवा कचेरीत काम करतात. समोरच्याला आपला विश्वास कसा दाखवावा, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. समोर आलेला मनुष्य गरजेपोटी आलेला असतो. त्याच्या गरजेचा फायदा घेऊन त्याला प्रवचन ऐकविणे ही साक्ष होत नाही. वुलमन यांनी जखमी शेजाऱ्याचे रक्त काढले, मृत्युपत्राचा बराचसा भाग लिहिला, पैसे घेतले नाहीत आणि मग आपल्या मनाची अडचण सांगितली. सेवा आधी पुरी झाली होती, म्हणून शब्दाला वजन आले. आणि त्या शब्दाची किंमत बोलणाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरली होती.

प्रिय वाचकहो, वुलमन यांच्या पहिल्या खरेदीखतातील त्या कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. परमेश्वराला ते ठाऊक आहे. आज आपल्या टेबलावर येणाऱ्या कागदांतही अशी काही माणसे असतील. सही करण्यापूर्वी, शिक्का मारण्यापूर्वी किंवा बिल फाडण्यापूर्वी क्षणभर थांबून त्यांचा विचार करण्याची बुद्धी, आणि जे बोलावयाचे ते प्रीतीने बोलण्याचे धैर्य, प्रभू आपणा सर्वांना देवो.